बारावा महिना

वडील गेले की यहुदी मुलाने अकरा महिने उभं राहायचं असतं. रोज प्रार्थनालयात जायचं, किमान दहा पुरुष जमलेले हवेत, आणि त्यांच्यासमोर उभं राहून कद्दिश म्हणायची. ही प्रार्थना गेलेल्यासाठी म्हणतात खरी, पण तिच्यात मरणाचं नाव नाही की मेलेल्याचं नाव नाही. देवाची थोरवी आहे, आणि तुझं राज्य लवकर येऊ दे, आमच्या हयातीत येऊ दे, एवढं मागणं आहे. आता अकराच महिने का? तर पापी माणसाची वर झाडाझडती चालते ती पुरे बारा महिने, असं जुने लोक सांगून गेले. मग मुलगा बारा महिने उभा राहिला तर त्याचा अर्थ काय होतो? माझा बाप पापी होता हो, असं त्याने रोज चारचौघांत ओरडून सांगितल्यासारखं होतं. म्हणून शेवटचा महिना बापाच्या अब्रूसाठी सोडून द्यायचा. बाप कितीही बेरकी असो, अकराव्या महिन्याअखेर तो सज्जन होऊन सुटतो. फार सोयीची पद्धत आहे.

चष्मेवाल्याचे अकरा महिने रविवारी भरले. किल्लेदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "सुटलास बाबा. आता सकाळी जरा झोप." किल्लेदाराजवळ किल्ला वगैरे काही नव्हता. प्रार्थनालयाच्या सहा किल्ल्या होत्या आणि पस्तीस वर्षं त्या कंबरेला वाजत होत्या, म्हणून लोक त्याला किल्लेदार म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडत असे.

सोमवारी सकाळी चष्मेवाला पुन्हा उभा राहिला.

पहिल्या ओळीपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग हळूहळू माना वळल्या. मध्ये मध्ये सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं असतं, तिथे अर्ध्यांनी म्हटलं आणि अर्धे खोकले. प्रार्थना संपल्याबरोबर किल्लेदाराने त्याला दंडाला धरून कोटांच्या खुंट्यांपाशी नेलं.

"अरे, झालं की तुझं! काल झालं."

"ठाऊक आहे."

"मग हे काय?"

"आणखी एक महिना म्हणणार आहे."

"बारावा?" किल्लेदाराचा आवाज एवढा खाली गेला की किल्ल्यांचा आवाज त्यापेक्षा मोठा वाटला. "शुद्धीवर आहेस ना? काय केलं होतं तुझ्या बापाने?"

चष्मेवाल्याने स्वतःचा चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. अडचणीच्या प्रश्नावर तो नेहमी हेच करी. म्हणाला, "ते माझं मी बघतो."

झालं! एवढ्यावर काय गप्प बसतात लोक?

आता या वडिलांविषयी सांगायला हवं. सेहेचाळीस वर्षं त्यांनी घराखालच्याच दुकानात, जे आता चष्मेवाला चालवतो, लोकांचे डोळे तपासले. चष्म्याची गरज नसेल तर गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवत, आणि वर "डोळे ठीक आहेत, झोप कमी आहे" असं ऐकवत. डोळ्यांसमोर एकामागून एक काचा धरायच्या आणि विचारायचं, "हे बरं, की ते बरं?" हा त्यांचा प्रश्न घरातही सुटला नाही. बायकोने दोन कोट पुढे धरले की त्याच सुरात, "हे बरं, की ते बरं?" आणि उत्तर चुकलं की तेच चिडत. माणूस सरळ होता. इतका सरळ, की सोबत चालणाऱ्याला त्याचा कंटाळा यायचा.

अशा माणसाची गुरुवारपर्यंत तीन चरित्रं तयार झाली. एकाचं म्हणणं, दुसऱ्या गावी त्यांचा दुसरा संसार होता. दुसऱ्याने ऐकलं होतं की दुकानात मेलेल्या माणसांचे चष्मे पुसून विकत. पाववाल्याने तर कमालच केली. चाळीस वर्षांपूर्वी ऐन उपासाच्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी सगळ्या जगातले यहुदी पाण्याचा थेंब न घेता वर्षभराच्या पापांची क्षमा मागत असतात त्या दिवशी, त्याने म्हणे त्यांना एका खानावळीतून तोंड पुसत बाहेर पडताना पाहिलं होतं. "तेव्हा मी पाच वर्षांचा होतो," पाववाला म्हणाला, "पण ते पुसलेलं तोंड अजून डोळ्यांसमोर आहे." लोकांनी माना डोलावल्या. सज्जन माणसाबद्दल असं काही ऐकलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोला.

चष्मेवाला ऐकत होता, जळत होता, आणि रोज सकाळी उभा राहत होता. कारण खरी गोष्ट सांगायची तर ती वडिलांच्या पापाशी संपत नव्हती. ती थेट त्याच्या स्वतःच्या पायाशी येऊन थांबत होती.

गोष्ट सुरू झाली आजीच्या सात दिवसांच्या सुतकात. चौदा वर्षं झाली. रीतीप्रमाणे घरातले आरसे झाकलेले, वडील आणि आत्या दोघं भाऊबहीण फाडलेल्या कपड्यांनी बुटक्या स्टुलांवर बसलेले, समोर भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरलेली. कुणीतरी म्हणालं, आजींनी शेवटपर्यंत सगळ्यांकडे डोळे भरून पाहिलं असेल, नाही? त्यावर आत्या फाडकन बोलली. "काय पाहणार? शेवटची दोन वर्षं तिला आमच्यातला एक चेहरा धड दिसला नाही. आंधळ्यासारखी चाचपडायची. मुलगा चष्मेवाला ना तिचा! चुकीचा नंबर घालून बसवलं तिला."

वडिलांचा धंदा आणि मातृभक्ती, दोन्ही एका वाक्यात गेली होती. ते उरलेले चार दिवस तिच्या शेजारच्याच स्टुलावर बसले, पण तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आता माणसाला माणसाने दुखावलं तर देव त्यात पडत नाही. ज्याला दुखावलं त्याच्याच दारात जाऊन क्षमा मागावी लागते. त्याने नाही म्हटलं तर पुन्हा जायचं. पुन्हा नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदाही नाही म्हटलं की मागणारा मोकळा झाला, मग पाप माफी न देणाऱ्याच्या डोक्यावर. तिन्ही वेळा एका आठवड्यात उरकायला कुणाची ना नाही. पण हे घराणंच असं, की वर्षाला एकदाच. आत्या पुढल्या वर्षी उपासाच्या आधी आली. वडील म्हणाले, "नाही." त्याच्या पुढल्या वर्षी आली. वडील म्हणाले, "नाही." आणि ती गेल्यावर आईला म्हणाले, "दोनदा नाही म्हणायचा मला हक्क आहे. तिसऱ्यांदा येईल तेव्हा बघू."

ती तिसऱ्यांदा आली. दार चष्मेवाल्याने उघडलं.

दुपार होती. वडील जेवून नुकतेच आडवे झाले होते. आई बाजारात गेली होती. चष्मेवाल्याच्या पायात एकच बूट होता, कारण खाली दुकानात काचांचं पार्सल येऊन पडलं होतं आणि माणूस सही मागत होता. दारात आत्या, नवीन कोट, हातमोजे, ओठ घट्ट मिटलेले.

"उठवू का?" त्याने विचारलं, पण अशा आवाजात विचारलं की कुणी 'हो' म्हणू नये.

"नको. झोपू दे," आत्या म्हणाली. "मी तिसऱ्यांदा आले होते, एवढं सांग. त्याला जे म्हणायचं असेल ते येऊन म्हणू दे. उपासापर्यंत वाट बघते."

"निरोप देतो मी," तो म्हणाला आणि खाली पळाला.

वडील पाचला उठले. दाराची घंटा झोपेत ऐकली असावी, विचारलं, "कोण आलं होतं?"

आणि चष्मेवाला म्हणाला, "कुणी नाही."

का म्हणाला? त्यालाच आजवर कळलेलं नाही. वैर नव्हतं, काही नव्हतं. पार्सलातल्या दोन काचा फुटलेल्या निघाल्या होत्या, डोकं त्यात होतं, आणि एकदा आत्याचं नाव काढलं की घरात दोन तास तोच विषय चालणार, म्हणून आत्ता नको, रात्री सांगू, असं त्याच्या मनात होतं. रात्री राहिलं. सकाळी गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या दिवशी सांगायचं तर 'काल का नाही सांगितलंस' हे आलंच. मग उपास येऊन गेला. आठवड्याने तर जीभच उचलेना.

पुढल्या वर्षी उपास जवळ आला तसे वडील चांगला शर्ट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागले. "तिसरी वेळ बाकी आहे तिची," ते म्हणत. "येईल." दहा दिवस बसले. घंटा वाजली की छातीवरचा खिसा चाचपत. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा बसले. अशी दहा वर्षं. सगळे म्हणत, बघा, म्हातारा किती हट्टी, स्वतः जायचं सोडून वाट बघत बसलाय. चष्मेवाला त्या खुर्चीजवळून दिवसातून वीसदा ये-जा करी. सांगितलं मात्र नाही. गेल्या वर्षी वडील गेले. आत्या मातीलाही आली नाही.

आणि आता अकरा महिने संपत आले तेव्हा दुकानाचा खालचा खण साफ करताना त्याला आजीचा चष्मा सापडला. जुन्या पत्र्याच्या डबीत होता. सवयीने त्याने तो नंबर बघायच्या यंत्राखाली धरला. आकडा बघितला, काचा पुसून पुन्हा बघितला, डबीतल्या कागदावरच्या नंबराशी ताडला, आणि खाली बसला. दोन्ही काचांत अडीच नंबराची चूक होती. तसल्या काचेतून समोरच्या माणसाचं तोंड म्हणजे नुसता वाफेचा गोळा. तो कागद वडिलांच्या हातचा होता. वर आजीच्या तपासणीचा खरा नंबर, आणि त्याखाली म्हातारपणच्या थरथरत्या अक्षरात, 'तिचं बरोबर होतं. आली की तिची माफी मागायची.'

म्हणजे वडील दहा वर्षं माफ करायला बसलेच नव्हते! मागायला बसले होते. खिशात ही डबी घेऊन. आणि त्यांची ती एक संधी आली तेव्हा पोराने सांगितलं, कुणी नाही.

चष्मेवाल्याने मग हिशोब असा लावला, की बाबा एक न मागितलेली माफी घेऊन वर गेले, म्हणजे त्यांच्या खात्यावर पाप आहे, म्हणजे त्यांना बारावा महिना लागणार. हा हिशोब त्याला फार पटला. पटणारच! त्यात त्याचं स्वतःचं नाव कुठे येत नव्हतं. बापाला रोज चारचौघांत पापी ठरवणं त्याला जमत होतं, दोन गल्ल्या पलीकडे आत्याच्या दारात जाणं जमत नव्हतं.

पाववाल्याची खानावळ शुक्रवारी आईच्या कानावर गेली. पंचाऐंशीला टेकलेली बाई, पण जिना असा चढून आली की चष्मेवाला टेबलामागे गेला.

"तुझ्या बापाने उपास मोडला होता म्हणे! दुसरी बायको होती म्हणे! कुणामुळे ऐकतेय मी हे? सांग, काय केलं होतं त्यांनी?"

"आई, तू बस आधी."

"बसत नाही! उभ्याउभ्या सांग. एका माणसाशी अबोला धरला, एवढं एक त्यांनी आयुष्यात वाकडं केलं. तेही सरळ करायला दहा वर्षं दारात बसले ना? तीच बया आली नाही. पाप असेल तर तिचं आहे!"

चष्मेवाल्याने चष्मा काढला. पुसला नाही, तसाच हातात धरला. आईचा चेहरा त्याला धूसर दिसत होता, म्हणूनच बोलता आलं असेल.

"आली होती, आई."

"कधी?"

"अकरा वर्षांपूर्वी. तू बाजारात गेली होतीस. बाबा झोपले होते."

"आणि?"

"उठल्यावर त्यांनी विचारलं, कोण आलं होतं. मी म्हटलं, कुणी नाही."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खरंच खाली बसली. दाराजवळच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मग म्हणाली, "रोज माझ्या हातचं जेवत होतास रे." आणि उठताना एवढंच, "उद्यापासून त्यांच्यासाठी उभं राहायचं नाही. राहायचंच असेल तर पाप कुणाचं ते सांगून उभा राहा."

तो रब्बींकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे गेला. रब्बी वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, जाड भिंगांचे, आणि ती भिंगं याच दुकानातली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि सांगितलं, "ज्याचं तुम्ही केलंत तो माणूस आता नाही, तर नियम सोपा आहे. दहा माणसं घेऊन कबरीवर जायचं आणि त्यांच्यासमोर बोलायचं, मी देवाचा आणि या माणसाचा अपराधी आहे, मी अमुक केलं."

"अमुक सांगावंच लागेल?"

"अमुकसाठीच तर दहा माणसं," रब्बी म्हणाले.

एरवी प्रार्थनेला दहावा माणूस मिळावा म्हणून किल्लेदार रस्त्यात उभा राहून लोकांच्या बाह्या ओढतो. इथे चौदा आले! चष्मेवाला बापाचं पाप उघडं करणार अशी आवई उठली होती. पाववाला दुकान बंद करून पहिल्या रांगेत. दुसऱ्या संसाराची बातमी आणणारा तर चुलतभावाला घेऊन आला होता, साक्षीदार असावा म्हणून.

वारा होता. चष्मेवाल्याने वडिलांच्या कबरीच्या दगडावर रीतीप्रमाणे एक खडा ठेवला आणि सांगितलं. पार्सल सांगितलं, एक बूट सांगितला, 'कुणी नाही' सांगितलं. दहा वर्षांची ती खुर्ची सांगितली. "बाबा, ती आली होती," तो दगडाकडे बघून म्हणाला. "मी सांगितलं नाही. चुकलो."

पाववाला शेजाऱ्याला म्हणाला, "एवढंच?" हळूच म्हणाला, पण कबरस्तानात हळू काही राहत नाही. "आणि खानावळ?"

"खानावळ तुझ्या डोक्यात आहे," किल्लेदार म्हणाला. "म्हण आता." मग नियमाप्रमाणे चौदाही जणांनी 'तुला माफ आहे' असं तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तर जरा घाईतच म्हटलं, कारण ढग भरून आले होते आणि गोष्टीत काही दम निघाला नव्हता. परतताना किल्लेदार चष्मेवाल्याच्या बरोबरीने चालला. "उद्यापासून खाली बसायचं. पाप तुझं निघालं. आणि जिवंत माणसाची कद्दिश म्हणत नसतात."

फाटकापाशी रब्बींनी विचारलं, "आत्या आहेत ना अजून?"

"आहे."

"त्यांना दहा माणसं लागत नाहीत. तुम्ही एकटे गेलात तरी चालेल."

चष्मेवाल्याला ती दहा माणसं फार सोपी वाटायला लागली.

मंगळवारी दुपारी दुकानात वर्दळ नसते. तो गेला. आत्या कपडे धुण्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, मुलगी-जावयाकडे राहत होती. वय एकोणऐंशी. डोळ्यांवरचा चष्मा कुठल्यातरी परक्या दुकानातला, एक दांडी वर आणि एक खाली. भांडण झाल्यापासून तिने भावाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. चष्मेवाल्याने दारात उभं राहून सगळं सांगितलं, आणि डबीतला कागद वाचून दाखवला.

आत्याने दाराची चौकट धरली.

"म्हणजे त्याला कळलंच नव्हतं?"

"नाही."

"मी तीनदा गेले म्हणून अकरा वर्षं निवांत झोपले रे मी! म्हटलं, आपलं झालं, आता पाप त्याच्या डोक्यावर. मजेत शिव्या दिल्या त्याला. त्याच्या मातीला आले नाही मी." "आणि आता तू येऊन सांगतोस, दोनदाच झालं? आणि तो वाट बघत होता?"

"आत्या, मला माफ कर."

तिने डोळे पुसले, त्याच्याकडे बघितलं, आणि एक बोट वर केलं. "नाही. ही पहिली वेळ." दार लागलं. भावाचीच बहीण ती.

पुढल्या मंगळवारी तो आजीचा चष्मा घेऊन गेला. आत्याने आपला काढून तो घातला आणि खोलीभर बघितलं. "आई गं," ती म्हणाली, "काहीच दिसत नाही की!"

"तेच ना."

"मी आपलं रागाच्या भरात बोलले होते रे. मला काय कळतंय त्यातलं! खरं निघेल असं वाटलं नव्हतं." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. तिचं रडणं होईपर्यंत चष्मेवाल्याने तिच्या चष्म्याच्या दांड्या सरळ केल्या. हाताला काच लागली तसं त्याला कळलं की नंबरही जुना आहे, हिला समोरचं जेमतेम दिसत असणार.

तिने सरळ झालेला चष्मा घातला आणि दोन बोटं वर केली. "नाही. ही दुसरी."

तिसऱ्या मंगळवारी त्याने बरोबर तपासणीची पेटी घेतली. वडिलांचीच, लाकडी, दीडशे काचांची. जिना चढताना काचा आत किणकिणत होत्या. दार जावयाने उघडलं. त्याच्या पायात एकच बूट होता.

"अरे, तुम्ही! सासूबाई झोपल्यात हो. सकाळपासून चांगले कपडे घालून खुर्चीत बसल्या होत्या. विचारलं, कुठे जायचंय, तर म्हणे कुठे नाही. आत्ता कुठे डोळा लागलाय." त्याने घड्याळ बघितलं. "मला दातांच्या डॉक्टरकडे पोचायचंय. निरोप असला तर सांगा, मी देतो."

चष्मेवाल्याने त्याच्या पायातल्या बुटाकडे बघितलं. भला माणूस होता जावई. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या.

"निरोप नको," तो म्हणाला. "मी इथे पायरीवर बसतो."

"दोन तास उठायच्या नाहीत."

"चालेल."

चष्मेवाला पेटी हातात धरून पायरीवर टेकला. जावयाला हसू आलं. तो दुसरा बूट शोधायला वळला, तेवढ्यात आतून झोपेतला आवाज आला, "कोण आलंय रे?"

"कुणी नाही! झोपा तुम्ही!" जावई सवयीने ओरडला.

चष्मेवाला असा उठला की पेटी हातातून सुटून खाली आपटली. "मी आहे!" त्याचा आवाज सगळ्या जिन्यात घुमला. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. "आत्या! मी आलोय! तिसऱ्यांदा आलोय!"

आतून आत्या म्हणाली, "ओरडतोस कशाला मेल्या? मला दिसत नाही, ऐकू येतं. ये आत. आणि पाय पूस."

तो पाय पुसून आत गेला. जावयाने दातांच्या डॉक्टरचा नाद सोडला आणि एका बुटावर तिथेच उभा राहिला. चष्मेवाल्याने पेटी उघडली. तीन काचा फुटल्या होत्या, बाकीच्या धड होत्या. त्याने रिकामी चौकट आत्याच्या नाकावर ठेवली, पहिली काच उचलली, आणि बापाचा तो प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

आत्याने त्याचा हात धरला. "थांब. आधी माझं म्हणून होऊ दे, नाहीतर डोळ्यांच्या नादात तू विसरशील आणि मीही. तुला माफ केलं. हा तुझा जावई... म्हणजे माझा जावई साक्षीला आहे."

"आणि बाबांना?"

"त्याचं मी बघते," आत्या म्हणाली. "मला त्याच्याकडे घेऊन चल. त्याचं मी त्याला जाऊन सांगेन. निरोप काही मी आता कुणाजवळ द्यायची नाही."

"कधी जायचं?"

"नंबर तरी काढ आधी. दगडावरचं नाव वाचता यायला हवं ना मला?"

चष्मेवाल्याने काच चौकटीत बसवली, मग ती काढून दुसरी धरली. "हे बरं," त्याने विचारलं, "की ते बरं?"

"पुन्हा दाखव," आत्या म्हणाली. "घाई करू नकोस."